तिचा अर्ज, त्याचे कागद

मैत्रिणींनो, ‘दुय्यम नागरिक’ हा शब्द आपण सभांमधून इतका वापरला आहे की त्याची धार बोथट झाली. स्त्री दुय्यम नागरिक आहे असे म्हणताना आपल्या मनात असते ते घरातले, कारखान्यातले, कायद्यातले तिचे स्थान. नागरिक तर ती आहेच, हे आपण धरून चालतो. पिंपरी कॅम्पात काम करायला लागल्यापासून मला तसे धरून चालता येत नाही. इथे अशा बाया आहेत ज्या दहा-दहा वर्षे या वस्तीत राहतात, पापड लाटतात, ब्लाउज शिवतात, मुलांना शाळेत सोडतात, सासूची आजारपणे काढतात, आणि कागदोपत्री त्या पाकिस्तानच्या नागरिक आहेत. त्यांनी अर्ज केलेला आहे. ‘अहवाल यायचा आहे’ असे त्यांना सांगण्यात आले आहे. त्या थांबल्या आहेत.

या थांबण्याविषयी मला लिहायचे आहे. नागरिकत्वाच्या अर्जाला उशीर होणे ही सरकारी दिरंगाईची आणखी एक तक्रार म्हणून सोडून देता येत नाही. उशिराच्या त्या वर्षांत बाईला कोणाच्या तरी आधाराने राहावे लागते. आणि तो ‘कोणीतरी’ कोण, हे कायद्यानेच ठरवून ठेवलेले आहे. तो म्हणजे नवरा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी वस्तीविषयी थोडेसे. पिंपरी कॅम्प ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे एमआयडीसी आली, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरले, कॅम्पाची मोठी बाजारपेठ झाली, पण ‘कॅम्प’ हे नाव राहिले. त्या पहिल्या पिढीच्या नागरिकत्वाचा प्रश्न राज्यघटनेने किती सरळ सोडवला होता ते पाहा. कलम ६ म्हणते, ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानात झाला आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वी इकडे येऊन राहिला, तो नागरिक. त्यानंतर आलेल्याने सहा महिने राहायचे आणि घटना लागू होण्यापूर्वी नोंदणी करायची. लाखो उद्ध्वस्त माणसे येत होती, सरकारकडे ना संगणक ना पैसा, तरी सहा महिने पुरेसे वाटले.

सिंधमधले सगळे हिंदू १९४७ ला आले नाहीत. बरेच तिकडेच राहिले. नाती राहिली, सोयरिकी होत राहिल्या. पुढे तिकडे जगणे कठीण होत गेले तशी कुटुंबेच्या कुटुंबे उल्हासनगरला, नागपूरला, पिंपरीला नातेवाइकांकडे आली. आणि मुली लग्न करून आल्या. या मुलींविषयी मी बोलते आहे.

एकीची हकिगत सांगते. नाव-गाव मुद्दाम देत नाही. जन्म सिंधमधल्या एका तालुक्याच्या गावी, १९८८ चा. लग्न तिकडेच झाले, २०१५ मध्ये. मुलगा पिंपरीचा, भारतीय नागरिक. लग्नानंतर ती इकडे आली. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला. तिला नागरिक व्हायचे तर वाटा कोणत्या? ‘भारतीय वंशाची व्यक्ती’ म्हणून अर्ज करता येईल का? नाही. आजच्या व्याख्येत तुम्ही स्वतः किंवा तुमच्या आईवडिलांपैकी एक जण अखंड हिंदुस्थानात जन्मलेला हवा. तिचे आईवडील दोघेही फाळणीनंतरचे. घटनेने मोजलेले आजी-आजोबा आता मोजले जात नाहीत. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याची सवलत? तीही नाही, ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे, आणि ही काही महिन्यांनी उशिरा आली. उरली एकच जवळची वाट, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ५(१)(क): भारतीय नागरिकाशी विवाहित आणि सात वर्षांचे वास्तव्य.

सात वर्षे झाली. २०२२ मध्ये तिने अर्ज केला. अर्जासोबत नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा लागतो, म्हणजे त्याचा पासपोर्ट नाहीतर जन्मदाखला. लग्नाचा दाखला लागतो. आता गंमत पाहा. सिंधमध्ये हिंदू विवाहांच्या नोंदणीचा कायदा झाला २०१६ मध्ये. पाकिस्तानच्या संसदेने तसा कायदा केला २०१७ मध्ये. म्हणजे २०१५ साली तिकडे लग्न झालेल्या हिंदू बाईला सरकारी दाखला देणारी यंत्रणाच नव्हती. जो कागद तिच्या देशात तयारच होत नव्हता तो इकडे मागितला जातो. मग लग्नातले फोटो, पंचायतीचे पत्र, प्रतिज्ञापत्रे. तिची दहावीपर्यंतची प्रमाणपत्रे आहेत, पण ती अरबी लिपीतल्या सिंधीत. इथे तिच्या सासऱ्यांशिवाय ती कोणाला वाचता येत नाहीत. सिंधी ही १९६७ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, हे या बाईला मी सांगितले तेव्हा ती हसली.

अर्ज केल्यानंतर वर्षभराने नवरा दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेला.

आपल्याकडच्या परित्यक्तांचे आपण काय करतो? सल्ला केंद्रात बोलावतो, नोटीस काढतो, पोटगीचा दावा लावतो. ऐंशीच्या दशकात संगमनेरपासून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, ‘घर दोघांचे’ ही मागणी तिथून पुढे गेली, आणि टाकलेल्या बाईने माहेरी तोंड लपवून बसायचे नाही हे आपण शिकलो, शिकवले. या बाईला मी तेच सांगायला गेले. ती म्हणाली, “दीदी, नोटीस नको. चौकशीला पोलीस येतील तेव्हा तो घरात दिसला पाहिजे.”

यावर मला उत्तर सुचले नाही. दोन वकिलांना विचारले. एक म्हणाले, अर्जाच्या दिवशी ती विवाहित होती, तेवढे पुरे. दुसरे म्हणाले, प्रत्यक्ष चौकशीत काय लिहून जाते त्यावर आहे, विषाची परीक्षा कशाला घ्या. ती अजून सासरीच राहते. नवरा महिन्या-दोन महिन्यांनी येतो, आणि आला की त्याची बडदास्त ठेवली जाते. त्याने मारले तर काय करशील, असे मी विचारले नाही. विचारायला हवे होते की नको, हा आमच्या बैठकीत वादाचा विषय झाला. मला वाटते, ज्या प्रश्नाच्या उत्तरापाठोपाठ आपण काही करू शकत नाही तो विचारून बाईला उघडे पाडू नये. संघटनेतल्या दोघींना हे पटलेले नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे एक गोष्ट घडलेली आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आली. १९५५ च्या मूळ कायद्यात ही तरतूद अशी होती: भारतीय नागरिकांशी ज्यांचे लग्न झालेले आहे ‘किंवा झालेले होते’ अशा स्त्रिया. फक्त स्त्रिया, कारण बायकोने नवऱ्यामागे जायचे हे गृहीतच होते. त्यात पुरुषप्रधान विचार होता, पण वास्तव्याची अट नव्हती आणि विधवेलाही जागा होती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ आल्या. परदेशी नवऱ्यांनाही हक्क मिळाला, हे चांगले झाले. त्याचबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. ‘किंवा झालेले होते’ हे शब्द तेव्हाही टिकले. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली आणि ते शब्द काढून टाकले. आता फक्त ‘विवाहित आहे अशी व्यक्ती’.

म्हणजे सहा वर्षे संसार करून नवरा वारला, तर सातव्या वर्षी ती या कलमाखाली अर्ज करू शकत नाही. घटस्फोट घेतला तरी नाही. तिला सहाव्या कलमाकडे, देशीयीकरणाकडे जावे लागते. तिथे आधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे आणि अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष, असे बाराचे गणित आहे. थोडक्यात नवरा असेल तर सात, नसेल तर बारा. त्या बाईने इथे काढलेली वर्षे तीच, केलेले कष्ट तेच. सौभाग्याची सरकारी किंमत पाच वर्षे ठरली आहे.

दोनच वर्षांनी याच संसदेने कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा केला, २००५ चा, ज्यासाठी देशभरच्या स्त्री संघटनांनी वर्षानुवर्षे भांडण केले. त्यात पीडित स्त्रीची व्याख्या काय आहे? जी कौटुंबिक नात्यात ‘आहे किंवा होती’ अशी कोणतीही स्त्री. नाते संपल्याने हक्क संपत नाही, हे आपण तिथे लिहून घेतले. ‘कोणतीही स्त्री’ म्हटल्यामुळे ती नागरिक असायला हवी अशीही अट नाही. पाकिस्तानी पासपोर्टवाली बाईसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. कागदावर जाऊ शकते. पण जिचा नागरिकत्वाचा अर्ज नवऱ्याच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर उभा आहे ती कशी जाईल? एका कायद्याने दिलेले दार दुसऱ्याने बाहेरून कडी लावून बंद केले आहे. हे दोन्ही कायदे आम्ही शिबिरात शेजारी-शेजारी ठेवून वाचले तेव्हा बायकांनी न सांगता हा फरक पकडला.

दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या गृह मंत्रालयाच्या अटींमध्ये आणखी एक रत्न आहे. पाकिस्तानी पुरुषाशी लग्न करून तिकडे गेलेली मूळची भारतीय बाई विधवा झाली किंवा तिचा घटस्फोट झाला, तर तिला परत येऊन राहता येते. मात्र तिकडे तिला ‘आधार देणारा पुरुष’ कोणी नसावा. म्हणजे एखादा दीर असला, मोठा मुलगा असला, की तिची तिकडे सोय आहे असे समजायचे. त्या दिराकडे राहणे म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कसे कळावे!

२०१६ मध्ये काही सवलती मिळाल्या, त्यांचे मी स्वागत करते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांपैकी दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना बँकेत खाते, पॅन, आधार, वाहन परवाना काढता येऊ लागला, राज्यात मोकळे फिरता येऊ लागले, नागरिकत्वाच्या नोंदणीचे हजारोंचे शुल्क शंभर रुपयांवर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुणे, ठाणे, मुंबई आणि नागपूरसह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, ते २०१८ मध्ये पुढील आदेशापर्यंत वाढवले गेले. पुण्यात त्यानंतर अनेकांना प्रमाणपत्रे मिळालीही. पण अधिकार जिल्ह्यात आला तरी गुप्तवार्ता विभागांचे अहवाल यावेच लागतात, आणि अमुक दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्ज मंजूर समजावा अशी काही सोय नाही. थांबणाऱ्याच्या हातात तारीख नसते. दर वेळी व्हिसाची मुदतवाढ, परकीय नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंद, पाकिस्तानी पासपोर्ट संपत आला की दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीकडे नूतनीकरण. ज्या देशाचे नागरिकत्व सोडायचे आहे त्याच देशाचा पासपोर्ट पदरचे पैसे भरून जिवंत ठेवायचा. हे पैसे बाई कोणाकडे मागणार, ते तुम्हीच सांगा.

चाकणच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत बायका घेतात. आमच्या ओळखीची एक जण गेली होती. तिच्याकडे आधार होते, पॅन होते. जन्मस्थान वाचून सुपरवायझरने कागद परत दिले. कायद्याने तिला खासगी नोकरी करता येते, हे त्या सुपरवायझरला माहीत असण्याचे कारण नव्हते आणि तिला भांडण्याचे बळ नव्हते. ती परत पापडाकडे वळली. पापडाचे पैसे सासूच्या हातात जातात. महापालिकेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण ही मत देऊ शकत नाही. निवडणुकीत तिच्या दारात कोणी येत नाही, तिच्या गल्लीतल्या नळाला पाणी येवो न येवो.

आई वारली तर काय, हा प्रश्न तर कोणी विचारूच नये. अर्जापूर्वीचे बारा महिने भारतातच काढलेले असावे लागतात. विशेष परिस्थितीत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट सरकार देऊ शकते. तेवढ्यात सिंधला जाऊन, सुतक धरून, परत यायचे. आता तेही नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची सीमा बंद झाली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते, पण ते कळेपर्यंतचे दोन दिवस कॅम्पातल्या बायकांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. एकीने मुलांचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले होते. मुले भारतीय, आई नाही. टीव्हीवर अटारीची दृश्ये दिसत होती. तिथे उलटी गत होती, आई भारतीय पासपोर्टची आणि मुले पाकिस्तानी.

तुम्ही म्हणाल, २०१९ च्या कायद्याने आता हे सुटत आले ना? नियम ११ मार्च २०२४ ला आले, मे महिन्यात दिल्लीत पहिली प्रमाणपत्रे दिली गेली, अकरा वर्षांची अट या लोकांसाठी पाच वर्षांवर आली. कॅम्पातल्या ज्या बायांचे काम त्यामुळे झाले त्यांच्या आनंदात मी पेढे खाल्ले आहेत. पण त्या नियमांत अर्जदार अमुक धर्माचा आहे असे प्रमाणपत्र स्थानिक नामांकित समाजसंस्थेकडून आणावे लागते. समाजसंस्था म्हणजे कोण? पंचायत, मंदिराचे विश्वस्त, समाजाचे अध्यक्ष. या खुर्च्यांवर तुम्ही किती बाया पाहिल्या? नवऱ्याशी भांडण असलेली, जातीबाहेर दुसरे लग्न केलेली, पंचांना उलट बोललेली बाई त्यांच्याकडे सही मागायला कशी जाईल? जातपंचायतींविरुद्ध आपण महाराष्ट्रात २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा मिळवला, आणि इकडे नागरिकत्वाची किल्ली पंचांच्या कमरेला बांधली गेली.

धर्माचे म्हणाल तर माझे मत स्पष्ट आहे. कॅम्पापासून रिक्षाच्या अंतरावर मुस्लिम वस्त्या आहेत. तिथेही लग्न करून आलेल्या बाया असतात, त्यांचेही कलम तेच, सात वर्षे तीच, नवराही तसाच. त्यांना २०१६ च्या सवलती नाहीत आणि २०१९ चा कायदाही नाही. नवऱ्याच्या कागदांवर लटकलेल्या दोन बायांपैकी एकीची दोरी आखूड आणि दुसरीची लांब करायची, याला स्त्रियांचा प्रश्न सोडवणे म्हणत नाहीत. केरळमध्ये कण्णूरच्या दोन बहिणींनी २०१७ मध्ये पाकिस्तानी पासपोर्ट परत केले. एकवीस वर्षे पूर्ण नाहीत म्हणून त्या देशाने नागरिकत्व सोडल्याचा दाखला दिला नाही, आणि तो दाखला नाही म्हणून इकडे नागरिकत्व नाही. एका न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फिरवला. मुली ना इथल्या ना तिथल्या.

हे आजचेच आहे असेही नाही. १९४९ च्या कायद्याने फाळणीत पळवून नेलेल्या बायांना ‘परत मिळवताना’ त्यांची इच्छा विचारण्याची तरतूद नव्हती. कोणती बाई कोणत्या देशाची, हे तिच्या धर्मावरून दोन सरकारांनी ठरवले. आपल्या मैत्रिणींनी, उर्वशी बुटालिया, रितू मेनन, कमला भसीन यांनी, त्या बायांचे बोलणे नव्वदीत लिहून काढले तेव्हा आपल्याला धक्का बसला होता. आणि ‘सिडॉ’ करारावर भारताने १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. त्याचे नववे कलम नागरिकत्व मिळवण्याच्या, बदलण्याच्या आणि राखण्याच्या बाबतीत स्त्रीला पुरुषाइतकाच हक्क देते. त्या कलमाला भारताने कोणताही अपवाद नोंदवलेला नाही.

तेव्हा मागणी करायची ती घाईच्या विनवणीची नको. २००३ मध्ये काढलेले ‘किंवा झालेले होते’ हे शब्द परत आणा. बाईने इथे काढलेली वर्षे तिच्या नावावर जमा धरा, लग्नाच्या नावावर नको. अर्जाला नवऱ्याचा पुरावा एकदा लावला की पुढच्या चौकशीत तो घरात आहे की नाही हे पाहू नका. लग्नाचा दाखला जिथे मिळणेच शक्य नव्हते तिथे दोन शेजारणींचे प्रतिज्ञापत्र पुरे समजा. निर्णयाला मुदत घाला, आणि उशीर झाला तर त्याचे कारण अर्जदार बाईला लेखी द्या, तिच्या नवऱ्याला किंवा सासऱ्याला नव्हे.

आमच्या संघटनेने पिंपरीत दर शनिवारी दुपारी एक काम सुरू केले आहे. प्रत्येक बाईची स्वतःची फाईल करायची: व्हिसाच्या प्रती, पोलीस नोंदणी, अर्जाची पोच, मुलांचे जन्मदाखले, औषधांच्या चिठ्ठ्या, तिच्या नावावर असलेली कोणतीही पावती. मूळ फाईल तिच्याकडे, एक प्रत आमच्या कपाटात, म्हणजे घरातून निघावे लागले तरी कागद मागे राहणार नाहीत. पापडाच्या दुकानदाराकडून आम्ही बायांच्या नावाने पावत्या मागायला लागलो आहोत. आधी तो हसला, आता देतो. उल्हासनगर, नागपूरचा जरीपटका, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, जळगाव इथल्या मैत्रिणींनी आपल्या वस्तीत अशा किती जणी आहेत, किती वर्षे थांबल्या आहेत आणि त्यांतल्या किती जणींचे नवरे हयात नाहीत किंवा सोडून गेले आहेत, एवढे तीन आकडे नावे न लिहिता जमवावेत. पुढच्या अंकापर्यंत आले तर एकत्र निवेदन करता येईल.